तटस्थ, बघ्या आणि साक्षी : अपघाताच्या चित्रीकरणामागील नीतिप्रश्न

रस्त्यावर अपघात होतो, जखमी व्यक्ती विव्हळत पडलेली असते, भोवती माणसांचे कडे तयार होते आणि त्या कड्यातील अनेक हात भ्रमणध्वनी उंचावून दृश्य टिपत राहतात. या वर्तनाचा निषेध वारंवार होतो. पण निषेधाने त्याचा उलगडा होत नाही. पाहणे आणि कृती करणे यांतील नाते हा साहित्यविचारातील जुना प्रश्न आहे. त्या अंगाने या वर्तनाची मीमांसा करण्याचा येथे प्रयत्न आहे.

मराठीत पाहणाऱ्यासाठी असलेले तीन शब्द येथे उपयोगी पडतात. 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहात काय घडते ते त्याला दिसते, पण त्याचे पाय कोरडे असतात. 'बघ्या' या शब्दात उघड तुच्छता आहे. 'बघ्याची भूमिका घेणे' हा आरोपच असतो. 'साक्षी' हा शब्द पाणिनीने साक्षात् पाहणारा या अर्थी सिद्ध केला आहे. वेदान्तातील साक्षी अलिप्त असतो हे खरे. परंतु व्यवहारातील साक्षीदार पाहिलेल्या गोष्टीबद्दल उत्तर देण्यास बांधलेला असतो. तिघांचेही पाहणे सारखेच. फरक आहे तो पाहिल्यानंतरच्या दायित्वाचा.

तटावरील प्रेक्षकाची प्रतिमा युरोपीय परंपरेतही आहे. लुक्रेशियसने आपल्या तत्त्वकाव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी वादळात सापडलेल्या माणसाला किनाऱ्यावरून पाहणारा मनुष्य रंगविला आहे. त्याचे सुख दुसऱ्याच्या यातनेतून नव्हे, तर आपण त्या संकटापासून मुक्त आहोत या जाणिवेतून येते. हान्स ब्लूमेनबर्ग यांनी 1979 साली या रूपकाचा स्वतंत्र ग्रंथात मागोवा घेतला.

भारतीय काव्यशास्त्राने प्रेक्षकाच्या निष्क्रियतेला वेगळी प्रतिष्ठा दिली. भट्टनायकाच्या साधारणीकरणात 'माझे' व 'परक्याचे' हे भेद गळून पडतात. अभिनवगुप्त स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे रसविघ्न मानतो. नायिकेला वाचविण्यासाठी रंगमंचावर धावून जाणारा सहृदय ठरत नाही. करुण रसाचा आस्वाद घेता येतो तो मदत करण्याची जबाबदारी तेथे नसते म्हणून. ही सवलत मात्र रंगमंचापुरतीच आहे. अपघात टिपणारा मनुष्य ती रस्त्यावर आणतो. भ्रमणध्वनीचा पडदा त्याच्यापुरती रंगमंचाची चौकट उभी करतो आणि समोरची जखमी व्यक्ती पात्र बनते.

छायाचित्रण हे मुळात हस्तक्षेप न करण्याचे कर्म आहे, असे सुझन सोंटॅग यांनी 1977 च्या आपल्या ग्रंथात म्हटले होते. आल्बेर काम्यूच्या 'ला श्यूत' (1956) या कादंबरीशी तुलना केल्यास या विधानाचा रोख कळतो. तेथील निवेदक सेन नदीत कोणी पडल्याचा आवाज ऐकतो, किंकाळ्या ऐकतो आणि जागचा हलत नाही. त्याचे रिकामे हात त्याला पुढे आयुष्यभर बोचतात. सारी कादंबरी त्या बोचणीची कबुली आहे. चित्रीकरण करणाऱ्याचे हात रिकामे नसतात. आपण काहीतरी करत आहोत असा आभास यंत्र निर्माण करते, आणि त्यामुळे अकृतीची बोचणीच उरत नाही. या वर्तनाचे नवेपण येथे आहे.

यावर कायद्याच्या भीतीचे कारण सांगितले जाते. ते अगदीच निराधार नव्हते. मदत करणाऱ्यामागे चौकशीचा व न्यायालयीन खेपांचा ससेमिरा लागत असे. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 साली स्पष्ट केले. मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी केंद्राने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाने 2016 मध्ये बंधनकारक स्वरूप दिले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. परंतु भीतीने चित्रीकरणाचा उलगडा होत नाही. ज्याला गुंतायचे नाही तो निघून जातो. चित्रीकरण करणारा थांबतो. न्यायालयात साक्ष देण्याचे टाळणारा तोच मनुष्य अनोळखी समुदायापुढे, शपथेविना, साक्ष देत असतो.

म्हणून सर्व चित्रीकरण निंद्य ठरते काय? 25 मे 2020 रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पदपथावरील लोक विनवण्या करत होते, पण त्यांना जवळ जाऊ दिले जात नव्हते. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने केलेल्या चित्रीकरणामुळे, ही केवळ वैद्यकीय घटना असल्याचे भासविणारे पोलिसांचे पहिले निवेदन टिकले नाही; पुढे तिने न्यायालयातही साक्ष दिली. तेथे दुसरी कृती शक्य नव्हती, आणि पाहिलेल्याचे उत्तर देण्यास ती तयार होती. या दोन अटी बघ्याला साक्षीपासून वेगळे करतात.

महाभारताच्या सभापर्वात विदुर हाच निकष सभेला लावतो. निंद्य कृत्याची निंदा न करणाऱ्या सभासदांकडे पापाचा चौथा हिस्सा जातो, असे तो सांगतो. त्या सभेत सर्वांनी सर्व काही पाहिले होते. पाहिले नाही, हा त्यांचा अपराध नव्हताच. रस्त्यावरच्या कड्यालाही हाच हिशेब लागू आहे, आणि हातातले चित्रण त्या हिश्श्यातून कोणालाही मुक्त करत नाही. उलट, तो तेथे होता याचा पुरावा तेच देते.