संगीतनट केशवराव भोसले

मराठी रंगभूमीवर गायक-नट पुष्कळ झाले; परंतु स्वतः गाऊन शिवाय सबंध मंडळीचा भार वाहणारे थोडेच. केशवराव भोसले हे त्यांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरास झाला. वडील लवकर वारले, आणि पाटी हातीं धरण्याच्या वयांत केशवराव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत दाखल झाले. देवलांच्या 'शारदा' नाटकांतील नायिकेच्या भूमिकेनें त्यांचें नांव बालपणींच सर्वतोमुखी झालें. पुढें रामकृष्णबुवा वझे यांची तालीमहि त्यांना लाभली.

१ जानेवारी १९०८ रोजीं हुबळी येथें त्यांनीं 'ललितकलादर्श' मंडळी काढली. मालकाचें वय तेव्हां अठरा वर्षेंहि पुरें नव्हतें! नाटक मंडळी म्हणजे फिरता संसारच. नट, साथीदार, आचारी, पडदे असा सारा लवाजमा गांवोगांव न्यावयाचा, आणि पोटापाण्याची चिंता मालकानें वाहावयाची. ध्वनिक्षेपक नसल्यामुळें शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावा लागे. मालकाचा गळा बसला कीं धंदाहि बसे. तरीहि केवळ गाण्यावर विसंबून न राहतां त्यांनीं १९१६ सालीं मामा वरेरकरांचें, हुंड्याच्या चालीवर टीका करणारें 'हाच मुलाचा बाप' हें नाटक रंगभूमीवर आणलें.

त्या काळीं रसिकांत दोन तट होते. एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवरावांचा. परंतु टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला, तेव्हां बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर झाले. प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन मालक त्या रात्रीं देशकार्यासाठीं एका रंगमंचावर उभे राहिले.

पुढें तीन महिनेहि झाले नाहींत तोंच ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं विषमज्वरानें केशवरावांचा अंत झाला. वय अवघें एकतीस. मालकाच्या गळ्यावर चालणारी मंडळी मालकामागें सहसा मोडते. ही मात्र मोडली नाहीं. बापूराव पेंढारकर यांनीं ती सांभाळली, आणि पुढें त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनीं चालविली.

शाहू महाराजांनीं कोल्हापुरास बांधविलेल्या नाट्यगृहास पुढें केशवरावांचें नांव देण्यांत आलें. त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. त्यांना कधीं न ऐकलेल्या पिढ्यांनाहि त्या रात्रीं हळहळ वाटली, यांतच त्यांच्या लौकिकाची साक्ष आहे.