छप्पन अंश आणि एक विसरलेला कोलन

बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल: मशीन सांगितलं तेवढंच करते, स्वतःची अक्कल चालवत नाही. त्याच्या बी.एस्सी.ला गेलेल्या पोराला हेच पायथन ही संगणकभाषा शिकताना पहिल्याच आठवड्यात कळतं. ‘इफ’च्या ओळीशेवटी कोलन विसरला, काम बंद. ओळीआधीची मोकळी जागा चुकली, तरी बंद. पोट्टं वैतागतं, “समजून घे ना बे!” कॉम्प्युटर काही समजून घेत नाही.

पायथन हे नाव अजगरावरून आलेलं नाही. गिडो व्हॅन रॉसमने ते ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ठेवलं. ही भाषा जगापुढे आली १९९१ मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा ‘परम ८०००’ महासंगणक उभा राहिला. त्यामागचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इंजिनिअर झाले ते नागपुरात, आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ साली. म्हणजे आपल्याच भागातले.

०.१ अधिक ०.२ किती? पायथनचं उत्तर: ०.३, मग पंधरा शून्यं आणि शेपटीला ४. दशांशात एक तृतीयांश कधी पुरा लिहून होत नाही, तसंच दोनच अंकांवर जगणाऱ्या यंत्राचं ०.१ च्या बाबतीत होतं.

जनुकांची गंमत तर याहून भारी. ‘मार्च१’ नावाचं एक जनुक होतं. एक्सेलमध्ये टाकलं की त्याची व्हायची १ मार्च तारीख! शोधनिबंधांच्या तक्त्यांत असल्या तारखा शिरल्या. अखेर २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल जिंकलं.

आता घरची गोष्ट. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने पारा दाखवला ५६ अंश. व्हॉट्सॲप तापलं. वैदर्भी माणसाला तो आकडा खराही वाटला असेल, त्यात त्याची चूक नाही. पण देशाचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ चा, ५१ अंशांचा. हवामान विभागाने पुढे सांगितलं, सेन्सर बिघडला होता. ‘आकडा ५१ च्या वर गेला तर थांब आणि माणसाला विचार’ ही अट पायथनमध्ये दोन ओळींची आहे. माझ्या मते विज्ञानाच्या पोरांनी पहिला प्रोग्राम हाच लिहावा; ‘हॅलो वर्ल्ड’ला काय चाटायचंय?

इंग्रजीची धास्ती असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे मराठीतही आहेत.

आणि सरावाला खरीखुरी नोंद हवी असेल, तर लायगो वेधशाळेने टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीची नोंद फुकट उतरवून घेता येते. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली, ती लहर १४ सप्टेंबर २०१५ ला इथवर पोचली. पायथनने तिचा आवाज करता येतो: सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा, चढत जाणारा ‘टुऽप’. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोलीजवळ औंढा नागनाथला होते आहे. ‘टुऽप’ ऐकताना कूलर मात्र बंद करा, नाहीतर हेडफोन लावा.