स्तन काढल्यावर पुढं काय? इम्प्लांटचा विचार करताय तर आधी हे वाचा

हा विषय पारावर बोलायचा नाही, हे मलाही कळतं. पण आमच्याच घरात हा प्रश्न आला तेव्हा विचारायला गावात एक माणूस सापडला नाही. म्हणून लिहितोय. वहिनींना विचारूनच लिहितोय. त्या म्हणाल्या, "भावजी, माझं नाव तेवढं टाकू नका. बाकी सगळं टाका."

वहिनींना डाव्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून स्तन पूर्ण काढला, केमो झाले, नंतर रेडिएशन झालं, ज्याला आपल्याकडं शेक किंवा लाईट म्हणतात. जीव वाचला. सगळ्यांनी हात जोडले आणि विषय संपला असं धरलं. दादा म्हणाला, या वयात आता आणखी काय करायचंय? खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं.

मग एकदा वैरणीचा भारा उचलताना वहिनी म्हणाल्या, "एका अंगाला कलायला होतंय." आणि त्या दोन वर्षांत त्यांनी एकही नवीन ब्लाऊज शिवायला टाकलेला नव्हता, हे आमच्या हिच्या लक्षात आलं. माप द्यायला जायचीच लाज वाटायची.

पुतण्यानं मोबाईलवर जाहिरात दाखवली. मनासारखी साईज, एका दिवसात घरी, हप्त्यानं पैसे. नंबर होता, डॉक्टरचं नाव नव्हतं. ते सोडून आम्ही सोलापूरला एका प्लास्टिक सर्जनकडं गेलो. त्यांनी साईजचा शब्दही काढला नाही. आधी विचारलं, शेक किती झालेत? मिश्री लावता का? दिवसभर काम काय करता? आणि गाव किती लांब, सोबत कोण येणार? इम्प्लांट कुठलं हा प्रश्न या चार प्रश्नांच्या नंतर येतो, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या कवचाची पिशवी. ती छातीत बसवतात. पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्युस्टनला बसवली गेली. आतमध्ये दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर सिलिकॉनचं घट्ट जेल, नाहीतर सलाईनचं पाणी. जेल हाताला मांसासारखं लागतं. पाण्याच्या पिशवीला, कातडी पातळ असेल तर, वरून सुरकुत्या दिसू शकतात. पण पाण्याची पिशवी फुटली तर थोड्याच दिवसांत छाती बसते, लगेच कळतं, आणि ते पाणी शरीर शोषून घेतं. जेलची पिशवी फुटली तर बाहेरून काही कळेलच असं नाही. म्हणून अमेरिकेतली औषध नियामक संस्था सांगते की जेल असेल तर ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, आणि पुढं दर २-३ वर्षांनी. एसटीनं जिल्ह्याला जाऊन एमआरआय करायचा, तोही आयुष्यभर. ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब करताना हा खर्च कुणी धरत नाही.

आकार सीसीमध्ये मोजतात. गाडीचा सीसी नव्हे, इंजेक्शनचा. ३०० सीसी म्हणजे ३०० मिली, वजनाला जवळपास ३०० ग्रॅम. बायका विचारतात की माझ्या ब्राचा नंबर किती होईल. त्याला नक्की उत्तर नाही, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा. डॉक्टर पट्टी घेऊन स्तनाच्या बुडाची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजतात. पिशवी त्या रुंदीपेक्षा मोठी घेतली तर ती काखेत सरकते, नाहीतर मधोमध दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. मग तेवढ्याच रुंदीत उंचीनं कमी-जास्त पिशव्या मिळतात, त्याला प्रोफाईल म्हणतात. सारख्याच ३०० सीसीची एक पिशवी पसरट असते, दुसरी पुढं जास्त येते. नंतर चिमटीत धरून कातडी आणि चरबीची जाडी बघतात. साधारण २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर पिशवी स्नायूच्या खाली ठेवण्याकडं कल असतो, म्हणजे कडा दिसत नाहीत.

इथं कष्टाच्या बाईनं एक गोष्ट विचारायलाच पाहिजे. छातीच्या स्नायूखाली पिशवी असली की जोर लावताना स्नायू आवळतो आणि पिशवी हलते, वेडीवाकडी दिसते. ऑफिसात बसणाऱ्या बाईला हे क्वचित जाणवेल. पाटी, भारा, घागर उचलणाऱ्या बाईला रोज. त्यामुळं "मी शेतात काम करते" हे स्वतःहून सांगा, डॉक्टर विचारायची वाट बघू नका. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे जड उचलायला बंदी असते, त्या काळात धारा कोण काढणार हेही घरात आधी ठरवा.

घरी अंदाज घ्यायची एक साधी रीत आहे. मापाच्या भांड्यानं २०० किंवा ३०० मिली तांदूळ मोजायचे, पातळ कापडात पुरचुंडी बांधायची आणि ब्रामध्ये ठेवून दिवसभर घरकाम करायचं. संध्याकाळी खांदा काय सांगतो ते बघायचं. ज्यांना कॅन्सर नाही, पण छाती लहान आहे किंवा दोन बाजूंत फरक आहे म्हणून ऑपरेशन करायचंय, त्यांनी तर हे कराच. जन्मापासून एक बाजू वाढलेलीच नाही अशाही मुली असतात. त्यांची हौस नसते, त्रास असतो. पण घाई नको. अमेरिकेत नुसतं दिसण्यासाठी करायचं असेल तर पाण्याच्या पिशवीला वय १८ आणि जेलच्या पिशवीला २२ पूर्ण लागतं. स्थळं येतायत म्हणून कुणी सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलीला घेऊन जात असेल तर थांबावं. पुढं बाळाला अंगावर पाजायचंय का, हेही सांगावं. बऱ्याच जणींना पाजता येतं, पण दूध कमी पडू शकतं, विशेषतः बोंडाभोवती काप घेतला असेल तर.

पिशवीचा पृष्ठभागही विचारा. एक गुळगुळीत असतो, दुसरा खरबरीत. खरबरीत कवच असलेल्या पिशव्यांभोवती एक दुर्मिळ कॅन्सर होतो असं आढळलं. तो स्तनाचा नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा असतो. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं आपल्या बायोसेल नावाच्या खरबरीत पिशव्या जगभरातून परत घेतल्या. ऑपरेशन होऊन काही वर्षं झाल्यावर एका बाजूला अचानक सूज आली तर अंगावर काढू नका, एवढं लक्षात ठेवा. त्याआधी फ्रान्समध्ये पीआयपी नावाच्या कंपनीनं कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरलं होतं. २०१० मध्ये ते उघड झालं आणि पुढं मालकाला ४ वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर लाखो बायकांच्या अंगात त्या पिशव्या गेल्या होत्या. म्हणून पिशवीच्या खोक्यावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, साईज आणि नंबर असतो. सातबारा जपतो तसा तो जपा. उद्या परत बोलावलं तर तुमच्या अंगात काय आहे हे त्यावरूनच कळणार.

आणि ही पिशवी जन्माची सोबत नाही. जितकी वर्षं जातील तितकी ती बदलण्याची किंवा काढण्याची शक्यता वाढते. शरीर तिच्याभोवती एक पडदा तयार करतं. काहींमध्ये तो आवळतो, छाती दगडासारखी कडक होते आणि दुखते.

वहिनींची गाडी इथंच अडली. शेक दिलेल्या छातीत हा पडदा आवळण्याची शक्यता बरीच जास्त. कातडी कडक झालेली असते, जखम लवकर भरत नाही. त्यात वहिनी मिश्री लावायच्या. मिश्री ओढत नाहीत, दाताला लावतात, म्हणून बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. पण निकोटिन तेच. रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात आणि कातडी काळी पडून मरू शकते. किमान महिनाभर आधी बंद पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. शिवाय स्तन काढलेल्या जागी कातडी अपुरी असेल तर आधी एक रिकामी पिशवी बसवतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी सुईनं त्यात पाणी भरत कातडी ताणतात. मग दुसरं ऑपरेशन करून कायमची पिशवी. तेवढ्या खेपा, तेवढा रोज बुडणार. ज्यांना हे सगळं सोयीनं जमतं, शेक घ्यावे लागलेले नाहीत, अशांना इम्प्लांट चांगलं बसू शकतं. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

शेक झालेल्यांना डॉक्टर शक्यतो अंगचंच मांस घेऊन स्तन तयार करायला सुचवतात. पोटाचं किंवा पाठीचं. ते टिकतं, अंगाबरोबर कमी-जास्त होतं, ऊन-थंडीला आपलंच असतं. पण ऑपरेशन मोठं. आपल्याकडच्या बारीक अंगाच्या बाईच्या पोटावर तेवढं मांस असतं का हाच प्रश्न. पाठीचा स्नायू घेतला तर ओढायचा, उचलायचा जोर थोडा कमी होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं हे ऐकूनच हो म्हणावं.

तिसरी वाट कापाकापीची नाही. बाहेरून ब्रामध्ये ठेवायचा कृत्रिम स्तन. सिलिकॉनचा असतो, त्याला वजन असतं, त्यामुळं तोल जात नाही आणि खांदा, पाठ दुखायची कमी होते. उन्हात घाम येतो हा त्याचा दोष. सुती दोऱ्यानं विणलेलाही मिळतो. तो हलका, धुता येतो. मुंबईत काही बायका असे विणून स्तन काढलेल्यांना फुकट देतात. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. बार्शी असो नाहीतर परळचं टाटा, विचारल्याशिवाय आपल्याला कुणी सांगत नाही, कारण गर्दीच तेवढी असते.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. स्तन परत तयार करायचं ऑपरेशन तुमच्या हॉस्पिटलमध्ये बसतं का, हे आरोग्यमित्राकडून भरती व्हायच्या आधीच विचारून घ्या. नुसतं दिसण्यासाठीचं ऑपरेशन खिशातूनच करावं लागतं. डॉक्टरची पदवी बघा, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी पाहिजे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं नोंदणी पाहिजे. पार्लरमध्ये छाती वाढवायचं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याच्या दारातही उभं राहू नका. क्रीमनं आणि गोळीनं स्तन मोठा होत नाही, तिथं पैसे घालण्यापेक्षा म्हशीला पेंड आणलेली बरी.

वहिनींनी बाहेरचाच घेतला. लग्नकार्याला सिलिकॉनचा, रानात सुती. गावातल्या शिंपिणीनं ब्लाऊजला आतून खिसा शिवून दिला, पैसे पण घेतले नाहीत. पहिल्या दिवशी दादानं विचारलं, "टोचत नाही ना?" तेवढंच. मिश्री बंद होऊन आता चार महिने झाले. पाठीच्या मांसाच्या ऑपरेशनचं डॉक्टरांनी दार उघडं ठेवलंय. वहिनी म्हणतात, ऊस जाऊ द्या, मग बघू.