जुन्या मोटारीचें मोल

नवी मोटार दुकानांतून बाहेर पडली कीं तिची किंमत उतरूं लागते, हा सर्वांच्या अनुभवाचा व्यवहार आहे. परंतु कांहीं थोड्या मोटारी अशा असतात कीं, पुष्कळ वर्षें उतरत आलेली त्यांची किंमत पुढें थांबते आणि मग उलट चढूं लागते. असें कां व्हावें, आणि घराच्या आवारांत ताडपत्रीखालीं पडून असलेल्या एखाद्या गाडीचें खरें मोल कसें ठरवावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. उत्तर चुकलें तर दोन प्रकारें नुकसान होतें. मोलाची वस्तु भंगारवाल्याच्या हातीं जाते, किंवा बेताच्या वस्तूवर घरची पुंजी खर्ची पडते.

पहिला गैरसमज वयाविषयीं आहे. गाडी जुनी म्हणजे मौल्यवान, ही समजूत खोटी होय. अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांच्या कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी' जातीच्या सुमारें दीड कोटी मोटारी तयार केल्या. उलट इटलींतील फेरारी कंपनीनें '२५० जीटीओ' ही शर्यतीची गाडी १९६२ पासून १९६४ पर्यंत अवघ्या ३६ इतकीच केली. त्यांतील एक २०१८ सालीं अमेरिकेंतील लिलावांत सुमारें ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. धाकटी गाडी थोरलीहून कितीतरी पटींनीं महाग, याचें कारण उघड आहे : वस्तु थोडी आणि ती मागणारे पुष्कळ. नुसता थोडेपणाही पुरत नाहीं. जी कोणालाच नको, ती दुर्मिळ गाडी नुसती दुर्मिळच राहते.

दुसरी कसोटी ओळखीची. गाडीच्या सांगाड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो व इंजिनावर दुसरा. हे दोन्ही क्रमांक नोंदणीच्या पुस्तकांतील क्रमांकांशीं जुळले, तर कारखान्यांतून निघाली तीच ही गाडी, असें म्हणण्यास आधार मिळतो. इंजिन दुसऱ्या गाडीचें बसविलें असेल, तर ती तितकीच छान धांवेल. पण जाणतें गिऱ्हाईक तितके पैसे देणार नाहीं.

येथें ऐकणाऱ्याच्या मनांत शंका येईल कीं, साठ-सत्तर वर्षांत कांहीं भाग बदलावे लागणारच. मग गाडी तीच राहिली कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें? हा वाद १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयापुढें प्रत्यक्ष आला. बेंटली कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' नांवाच्या मोटारीनें फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली होती. पुढें शर्यतींकरितां तिचें रूप पालटलें, इंजिनही बदललें. १९३२ सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतींत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर ती पुन्हा उभारण्यांत आली. पुष्कळ वर्षांनीं तिच्या मालकानें ती १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. परंतु ही ती अस्सल गाडीच नव्हे, असें म्हणून घेणाऱ्या कंपनीनें व्यवहार पुरा करण्याचें नाकारलें. न्यायमूर्तींनीं निर्णय दिला तो असा : १९२९ सालचे भाग तींत जवळजवळ उरले नसले, तरी ती गाडी कधींही नाहींशी झालेली नाहीं, बदलत बदलत तीच पुढें चालत आली आहे. तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ती अस्सल होय.

या निकालाचें मर्म घरोघर ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मोल लोखंडांत थोडें आणि इतिहासांत अधिक; आणि इतिहास टिकतो तो कागदांवर. खरेदीची पावती, नोंदणीचें पुस्तक, दुरुस्तीचीं बिलें, क्रमांकाची पाटी दिसेल असें एखादें जुनें छायाचित्र, यांतील प्रत्येक गोष्ट साक्षीदारासारखी उपयोगीं पडते. गाडी जपून कागद रद्दींत घालणारीं माणसें तिची किंमतच नकळत रद्दींत घालीत असतात.

तिसरी कसोटी स्थितीची. यंत्राचे सुटे भाग शोधून मिळवितां येतात. पण गंजून कुजलेला सांगाडा व पत्रा नीट करावयास अतोनात पैसा लागतो. तो खर्च कित्येकदां दुरुस्त झालेल्या गाडीच्या किंमतीहूनही अधिक होतो. शिवाय चकचकीत नवा रंग म्हणजे वाढलेली किंमत नव्हे. फिकटलेला कां होईना, मूळचा रंग जाणकारांस अधिक प्रिय असतो, कारण मूळपण एकदां गेलें कीं परत आणतां येत नाहीं. भारत सरकारच्या २०२१ सालच्या नियमांतही हेंच तत्त्व आहे. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली व मोठा फेरफार न झालेली खाजगी दुचाकी वा चारचाकीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते.

शेवटीं प्रत्यक्ष आंकडा. विकणारा मागतो ती किंमत नव्हे. तशाच जातीच्या व तशाच स्थितीच्या गाडीला अलीकडे हातांत पडली, ती किंमत. असे दोन-चार व्यवहार पाहावे, आपल्या गाडीच्या उणीवांचा खर्च त्यांतून वजा करावा, आणि कागदपत्रें पुरीं असतील तर तितकी भर घालावी. आजोबांनीं चालविलेल्या गाडीवर घराचा जीव असेल, तर तें मोल निराळें. तें बाजारांत मागूं नये, आणि बाजारानें दिलें नाहीं म्हणून तें कमीही समजूं नये.