पाच स्वरांचा खेळ आणि आजोबांची स्मरणशक्ती

दिवेलागणीनंतर नातवंडे इंग्रजीचा अभ्यास करीत असतात आणि आजी-आजोबा शेजारी वर्तमानपत्र चाळीत असतात. या दोन पिढ्यांना एकत्र आणणारा एक साधा खेळ आज आपणांस सुचवावासा वाटतो. ए, ई, आय, ओ आणि यू ही पाचही अक्षरे ज्यात आहेत, असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. कागद-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही.

प्रारंभी काहीच सुचत नाही. अशा वेळी शब्दाचा शेवट आधी ठरवावा. टी-आय-ओ-एन हा शेवट घेतला की आय आणि ओ आपोआप मिळतात. उरतात ए, ई, यू. मग 'एज्युकेशन', 'रेग्युलेशन', 'प्रिकॉशन' हे शब्द पुढे येतात. 'मेडिकेशन' मात्र फसवतो, कारण त्यात यू नाही! न्यूमोनियात पाचही स्वर आहेत, तसेच भाजीच्या पिशवीतील 'कॉलिफ्लॉवर'मध्येही. तो 11 अक्षरी आहे. 'रिव्होल्यूशनरी' 13 अक्षरांपर्यंत जातो. इंग्रजीची सवय नसेल तर क, म, ल ही अक्षरे घेऊन मराठीत खेळावे. 'कमल'पासून सुरुवात करून 'कलमबहाद्दर'पर्यंत पोहोचता येते.

या खेळात मेंदू एकाच वेळी अनेक कामे करतो. शब्दभांडार धुंडाळणे, दिलेली अक्षरे ध्यानात धरणे आणि न जुळणारा शब्द बाजूला सारणे, या कामांत मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत डॉक्टर एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द सांगावयास लावतात, ते याच कारणाने. परंतु त्या चाचणीचा निष्कर्ष शिक्षण, भाषा आणि वय ध्यानात घेऊनच काढावयाचा असतो. म्हणून घड्याळ लावून घरच्या घरी वडीलधाऱ्यांची परीक्षा घेऊ नये.

वयोमानाने शब्दसंग्रह सहसा टिकून राहतो. शब्द आठवण्याचा वेग मात्र मंदावतो. नाव जिभेवर येऊन अडते आणि घटकाभराने आठवते, यात घाबरण्याजोगे काही नाही. त्याचबरोबर, कोडी सोडविल्याने स्मृतिभ्रंश टळतो अशी हमी कोणी देत असल्यास त्यावर विसंबू नये. ज्याचा सराव करावा, मुख्यतः तेच सुधारते. रोजचे चालणे, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण, कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र आणि माणसांचा सहवास यांची जागा कोडे घेऊ शकत नाही. मात्र नातवंडासोबत खेळलेला खेळ सहवासही देतो.

या खेळाचा आणखी एक उपयोग माझ्या ध्यानात आला तो एका निवृत्त शिक्षकांमुळे. ते रोज नातीबरोबर शब्द शोधीत. काही महिन्यांत ते तोच शब्द पुन्हा पुन्हा सांगू लागले आणि मग खेळ टाळू लागले. घरच्यांनी "आता वय झाले" म्हणून सोडून दिले. नातीने मात्र हट्टाने त्यांना दवाखान्यात आणले. त्यांचा आहार शाकाहारी होता आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू होते. या औषधाने काहींच्या शरीरातील बी-12 जीवनसत्त्व घटते. तपासणीत तसेच आढळले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ते पुन्हा वही घेऊन बसू लागले. प्रत्येक वेळी कारण इतके सहज दूर होणारे नसते. परंतु बी-12ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम ही उपचार करता येण्याजोगी कारणे तपासल्याविना "वय झाले" हा निष्कर्ष काढू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. आपल्या वडीलधाऱ्यांची तुलना शेजाऱ्यांशी न करता त्यांच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी करावी. शब्द चुकला तर पाहुण्यांसमोर हसू नये. अपमान झाला की माणूस खेळ सोडतो आणि हळूहळू बोलणेही. बदल दिसत राहिला तर चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. अचानक शब्द फुटेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हाताची शक्ती गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

जाता जाता एक शब्द. 'अ‍ॅबस्टीमिअस' या 10 अक्षरी इंग्रजी शब्दात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमाने येतात. त्याचा अर्थ, खाण्यापिण्यात संयम राखणारा. आज रात्री जेवताना तो नातवंडांना अवश्य सांगावा.