उतारावर गाडी थोपवताना

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मित्र मोटारीने सिन्नरहून निघालो. समृद्धी महामार्ग टाळून गावागावांत थांबत कसाऱ्यापर्यंत जायचे, एवढाच बेत. पांढुर्लीला चहा झाला, घोटीत भाताच्या गिरण्या पाहिल्या, आणि इगतपुरी मागे टाकून घाटाला लागलो. चालवणाऱ्या मित्राने गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. "उतारच आहे, तेवढेच पेट्रोल वाचेल!" मी भौतिकीचा शिक्षक, तेव्हाच बोलायला हवे होते. पण गप्पांच्या भरात बोललो नाही.

निम्मा घाट उतरतो न उतरतो तोच जळका वास येऊ लागला. पुढे ट्रक होता. मित्राने ब्रेक दाबला, तर पाय नेहमीपेक्षा बराच खाली गेला आणि वेग मात्र फारसा कमी होईना. नशिबाने तेथे उतार सौम्य होता. गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढून त्याने गाडी कशीबशी कडेला उभी केली. चाकाजवळ हात नेला, तर चुलीसारखी धग! एकजण पाण्याची बाटली घेऊन धावला. त्याला मी थांबवले. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले, तर ते तडकू शकते.

एवढी उष्णता आली कोठून? आपण हिशेबच मांडू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम धरा. इगतपुरी ते कसारा उतार सुमारे ३०० मीटर. तेव्हा गाडीची स्थितिज ऊर्जा १५०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ४४ लाख ज्यूलने कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा गतिज ऊर्जेत जाऊन चालत नाही. थोडी हवेचा विरोध आणि टायर खातात; उरलेली ब्रेकच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. ४४ लाख ज्यूलमध्ये २५ अंशांचे १४ लिटर पाणी उकळीला येईल! चारही चाकांच्या ब्रेकमधले लोखंड मिळून २० किलो धरले आणि उष्णता हवेत मुळीच गेली नाही असे मानले, तर त्याचे तापमान जवळजवळ ४९० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्याने ते बरेच निवते, म्हणून एवढे तापत नाही.

पण पाय खाली का गेला? पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतो तो ब्रेकच्या नळ्यांतला द्रव. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून दाब जसाच्या तसा पोचतो. हा द्रव मात्र हवेतली आर्द्रता शोषून घेतो. नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू २०० अंशांच्या वर असतो; ओलावा मुरलेला द्रव १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतो. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, आणि पायाचा जोर तिला दाबण्यातच खर्च होतो. शिवाय अति तापल्यावर ब्रेकच्या अस्तराचे घर्षणही घटते.

गाडी खालच्या गिअरमध्ये असती, तर चाकांनीच इंजिन फिरवले असते. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला हवा ओढायला जड जाते, आतले घर्षण असतेच. त्यामुळे गाडी आपोआप रोखली जाते. उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर आणि धुराची नळी आहेतच. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि पेट्रोलचे म्हणाल, तर आजच्या गाड्यांत अशा वेळी इंधनाचा फवारा बंदच होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर आणखी धोक्याचे, कारण ब्रेकला जोर देणारी निर्वात यंत्रणाच मग थांबते.

पाऊण तास थांबून आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. शेजारच्या दरीतून एक आगगाडी खाली चालली होती. १८६५ साली सुरू झालेल्या या लोहमार्गावर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. खाली येताना मात्र आजच्या विजेच्या इंजिनांच्या मोटारी जनित्रे बनतात. आमच्या ब्रेकमध्ये जी ऊर्जा नुसती तापून गेली, ती तेथे वीज होऊन वरच्या तारेत परत जाते.