‘दाऊ’ : इंग्रजीने गमावलेला ‘तू’

महाविद्यालयात असताना मी ‘हॅम्लेट’मधल्या एका प्रवेशाचे मराठी भाषांतर केले होते. तिसऱ्या अंकातली, राणीच्या महालातली मायलेकांची भेट. जिथे ‘दाऊ’ आले तिथे मी ‘आपण’ लिहीत गेले आणि ‘यू’ आले तिथे ‘तू’. ‘दाऊ’ मला आधी भेटला होता तो बायबलात आणि प्रार्थनांत. इतका जुना आणि भारदस्त शब्द आदरार्थीच असणार, असा माझा हिशेब. आई मुलाला ‘आपण’ म्हणते हे जरा खटकले. पण राजघराण्याची रीत म्हणून सोडून दिले. सरांनी वही परत देताना एवढेच म्हटले, “सगळं उलटं झालंय.”

अपरिचित जुना शब्द आपण कोशात पाहतो. फसवतो तो ओळखीचा वाटणारा.

प्राचीन इंग्रजीत ‘दाऊ’ हे साधे एकवचन होते आणि ‘यी’ अनेकवचन. ‘यू’ हे त्या ‘यी’चेच कर्माच्या जागी येणारे रूप, पुढे दोन्ही जागा त्यानेच घेतल्या. मानापमानाचा प्रश्न तेव्हा नव्हता. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर दरबारात फ्रेंच आली. थोरामोठ्यांना अनेकवचनी संबोधण्याची तिची रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीतही दिसू लागली. ‘यू’ झाले अहोजाहो. ‘दाऊ’ उरले लेकरांना, जिवलगांना, नोकरांना आणि शत्रूंना. म्हणजे आपला ‘तू’च.

‘दाऊ’ हे क्रियापदही होते : अरेतुरे करणे. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात, आपण याला ‘दाऊ’ म्हणतो आहोत, असे बजावून त्याचा पाणउतारा केला. सतराव्या शतकाच्या मध्यावर क्वेकर पंथीयांनी मात्र तोच शब्द समतेसाठी वापरला. देवापुढे सगळे सारखे, तर सरदारालाही ‘दाऊ’च म्हणायचे, हा त्यांचा आग्रह. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला.

मग या शब्दाला देवघराचा वास लागला कसा? १६११च्या बायबलच्या भाषांतरकारांनी ‘दाऊ’ ठेवले, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत एकवचन-अनेकवचनाचा भेद आहे. तिथे देवाला ‘दाऊ’ आणि सैतानालाही ‘दाऊ’च. पुढे बोलण्यातून शब्द ओसरला, प्रार्थनेत राहिला. ऐकणाऱ्यांना वाटू लागले की देवासाठी राखून ठेवलेला हा खास मानाचा शब्द. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या आपल्याला खरे तर हा घोटाळा चटकन उमगायला हवा होता. जवळीक आणि भक्ती एकाच सर्वनामात राहू शकतात, हे आपण रोज अनुभवतो.

इंग्रजीने आदरार्थी रूप गमावले, असे आपण समजतो. गमावला तो ‘तू’. आज ती भाषा लहानमोठ्या सगळ्यांनाच अहोजाहो करते. यॉर्कशरसारख्या काही प्रादेशिक बोलींत तेवढा तो ‘था’सारख्या रूपांनी तगून राहिला.

हे कळल्यावर मी तो प्रवेश पुन्हा वाचला. राणी म्हणते, वडिलांना तू दुखावलेस. आणि मुलाला ‘दाऊ’ म्हणते. तिच्या मनात सध्याचा राजा, म्हणजे हॅम्लेटचा सावत्र बाप. हॅम्लेट तिचेच वाक्य तिच्यावर उलटवतो, पण ‘यू’ वापरून. आणि त्याच्या मनातले वडील म्हणजे मारला गेलेला बाप. राजपुत्राने आईला ‘यू’ म्हणणे रिवाजाला धरूनच आहे; धार आहे ती रिवाज पाळून केलेल्या आरोपाला. लगेच पुढच्या वाक्यात राणीही ‘दाऊ’ सोडून ‘यू’वर येते. आपल्याकडे चिडलेली आई लेकाला “तुम्ही आता मोठे झालात हो” म्हणते, तसेच हे. दोघांत पडलेले अंतर एका सर्वनामाने दाखवले आहे. माझ्या भाषांतरात ते पार पुसले गेले होते.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या वाक्यातले ‘आपण’ खोडून मी ‘तू’ केले, हॅम्लेटच्या तोंडी ‘आपण’ घातले. राणीच्या दुसऱ्या वाक्यात मात्र ‘तुम्ही’ लिहिले आणि तिचा राग मला पहिल्यांदा ऐकू आला.